स्फोटाची गोष्ट आणि पत्त्याची गोष्ट

(जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी प्रश्नोत्तरांतला निवडक भाग दिला आहे.)



विषय गॅमा-किरण स्फोटांचा आहे, त्यामुळे तुमच्यापैकी बऱ्याच जणांची अपेक्षा असेल की आता प्रचंड आकडे ऐकायला मिळणार. सूर्य आपल्या सगळ्या आयुष्यात जेवढी ऊर्जा देईल तेवढी काही सेकंदांत बाहेर पडते, महास्फोटानंतरचा सर्वांत मोठा स्फोट, वगैरे. ही वाक्यं तुम्ही माहितीपटांत ऐकली आहेत, वर्तमानपत्रांत वाचली आहेत. ती मी पुन्हा ऐकवणार नाही. मला आज त्या सांगण्याच्या पद्धतीचीच झाडाझडती घ्यायची आहे.

माझं म्हणणं थोडक्यात असं. हा विषय लोकांसमोर येतो तेव्हा स्फोट हा नायक असतो आणि त्याच्या मागे उरणारी झळाळी, जिला शास्त्रज्ञ आफ्टरग्लो म्हणतात, ती तळटीप असते. प्रत्यक्षात या स्फोटांबद्दल आपल्याला जे खात्रीनं माहीत आहे, ते किती लांब होतात, कशातून होतात, किती मोठे असतात, त्यातलं बहुतेक त्या तळटीपेतून आलेलं आहे. स्फोट दिसणं ही अडचण कधी फारशी नव्हतीच. अडचण होती पत्त्याची. आणि पत्त्याची गोष्ट गाळली की स्फोटाची गोष्टही चुकीची सांगितली जाते. याची तीन उदाहरणं घेतो. तिन्ही लोकप्रिय आहेत, तिन्ही अर्धी खरी आहेत.

आधी अडचण समजून घेऊ

दिवाळीच्या रात्री तुम्ही घरात बसला आहात आणि कुठंतरी मोठा बार उडाला. तुम्हाला कळतं की फटाका वाजला. साधारण दिशाही कळते. पण कुठल्या गल्लीत, कुणाच्या दारात, लहान फटाका जवळ वाजला की मोठा लांब वाजला? हे नुसत्या आवाजावरून सांगता येत नाही. त्यासाठी लगेच बाहेर पडून धूर कुठं दिसतोय ते बघावं लागतं. सकाळपर्यंत थांबलात तर सगळ्या गल्ल्यांत सारखाच कागदाचा कचरा असतो.

गॅमा किरणांचं तसंच आहे. एक तर ते वातावरणातून खाली येत नाहीत, म्हणून उपकरण उपग्रहावर न्यावं लागतं. दुसरं, साध्या दुर्बिणीच्या आरशावर ते परावर्तित होत नाहीत, आरपार जातात किंवा शोषले जातात. म्हणजे प्रतिमा मिळवायची नेहमीची पद्धत इथं चालत नाही. बहुतेक उपकरणांत एक स्फटिक असतो, गॅमा किरण आदळला की त्यात बारीकशी चमक होते, ती मोजायची. चमक झाली हे कळतं, केव्हा झाली हे फार अचूक कळतं. किरण कुठून आला हे तो स्फटिक सांगत नाही.

या स्फोटांची नावं बघा. जीआरबी ९७०२२८ म्हणजे १९९७ सालच्या फेब्रुवारीची २८ तारीख. आकाशातल्या इतर अनेक गोष्टींची नावं त्यांच्या जागेवरून पडतात. इथं नावात तारीख आहे, पत्ता नाही. या विषयाचा सगळा इतिहास त्या नावात आहे असं म्हटलं तरी चालेल.

पहिली गोष्ट: "योगायोगानं लागलेला आणि लपवून ठेवलेला शोध"

ही गोष्ट अशी सांगतात. १९६३ साली अणुचाचण्यांवर अंशतः बंदी घालणारा करार झाला. रशिया चोरून अवकाशात चाचणी करतो का हे बघायला अमेरिकेनं व्हेला नावाचे उपग्रह जोडीजोडीनं सोडले. त्यांना बॉम्बऐवजी आकाशातून येणारे गॅमा किरण दिसले. लष्करानं ते सहा वर्षं गुपित ठेवलं आणि मग १९७३ साली जगाला सांगितलं. हेरकथेचा मसाला आहे, त्यामुळे ही गोष्ट खपते.

यातले करार, उपग्रह आणि सालं बरोबर आहेत. गुपिताचा भाग मात्र टिकत नाही. हा शोध लावणाऱ्यांपैकी रे क्लेबेसाडेल यांनी पुढं स्वतः इतिहास लिहिताना ही माहिती गोपनीय ठरवलेली नव्हती हे स्पष्ट केलं आहे. मग सहा वर्षं काय चाललं होतं?

२ जुलै १९६७ ला व्हेला ४ च्या दोन्ही उपग्रहांनी एकच घटना नोंदवली. लॉस अॅलमॉसमध्ये क्लेबेसाडेल आणि रॉय ओल्सन यांना ती जुन्या नोंदी तपासताना १९६९ मध्ये सापडली. अणुबॉम्बचा आलेख असा नसतो, हे त्यांना दिसत होतं. पण बॉम्ब नाही, तर मग काय? सूर्य असेल, पृथ्वीजवळचं काही असेल, उपकरणाचा खोडसाळपणा असेल. हे नाकारायचं तर दिशा हवी, आणि व्हेला ४ च्या घड्याळांना तेवढी बारीक वेळ मोजता येत नव्हती. पुढचे व्हेला ५ आणि व्हेला ६ त्या बाबतीत बरेच सुधारलेले होते. हे उपग्रह एक लाख किलोमीटरपेक्षा जास्त उंचीवर फिरत. पृथ्वीच्या दोन विरुद्ध बाजूंना असलेल्या उपग्रहांमधलं अंतर पार करायला प्रकाशालाही जवळजवळ पाऊण सेकंद लागतो. म्हणजे एकाच स्फोटाची नोंद एका उपग्रहावर आधी आणि दुसऱ्यावर नंतर होते, आणि त्या फरकावरून दिशा काढता येते. अशा रीतीनं १९६९ ते १९७२ मधल्या १६ स्फोटांच्या दिशा अजमावून, पृथ्वी आणि सूर्य दोन्ही बाद करून, मग १९७३ मध्ये इयन स्ट्राँग यांच्यासह तिघांनी निबंध छापला.

म्हणजे ती वर्षं पत्ता शोधण्यात गेली. आणि "योगायोग" म्हणावं तर तेही अर्धवटच. स्टर्लिंग कोलगेट यांनी आधीच सुचवलं होतं की सुपरनोव्हा म्हणजे ताऱ्याचा अंतस्फोट होताना गॅमा किरणांची चमक यावी. त्या कल्पनेवरून क्लेबेसाडेल आणि मंडळींनी सुपरनोव्हांच्या तारखांच्या आसपासच्या नोंदी आधी चाळल्या होत्या. त्यांत काही मिळालं नाही. पण नोंदी जपून ठेवायच्या आणि चाळायच्या ही सवय होती, म्हणून १९६७ ची नोंद हाती लागली. हेरकथा सांगताना हा चिकाटीचा भाग गळून पडतो, आणि विद्यार्थ्यांना वाटतं की शोध असे आकाशातून पडतात.

दुसरी गोष्ट: "एका वादाचा एका रात्रीत निकाल"

१९७३ नंतर सिद्धांतांचा पाऊस पडला. पुढच्या वीस वर्षांत शंभराहून जास्त वेगवेगळी स्पष्टीकरणं छापली गेली. पत्ता नसेल तर असंच होतं. अंतर माहीत नसल्यामुळे कुठल्याही लहानमोठ्या घटनेला त्यात बसवता येत होतं.

५ एप्रिल १९९१ ला कॉम्प्टन वेधशाळा अवकाशात गेली. तिच्या आठ कोपऱ्यांवर बॅट्सी या उपकरणाचे आठ शोधक बसवले होते. दिशा कशी काढायची? आपल्या घराच्या कुठल्या भिंतीवर ऊन जास्त पडलंय यावरून सूर्य कुठं आहे ते सांगता येतं ना, तसंच. ज्या शोधकावर मारा जास्त, त्या बाजूला स्फोट. या पद्धतीत काही अंशांची चूक राहते. चार अंश त्रिज्येचं वर्तुळ घेतलं तर त्यात दोन-अडीचशे पूर्णचंद्र मावतील. तेवढ्या जागेत मोठी दुर्बीण नेमकं काय शोधणार?

पण एकेक पत्ता मोघम असला तरी शेकडो मोघम पत्ते मिळून एक नकाशा होतो. बॅट्सीनं नऊ वर्षांत २,७०४ स्फोट नोंदवले, आणि ते आकाशात सगळीकडे सारखे विखुरलेले होते. आपल्या आकाशगंगेच्या पट्ट्यात गर्दी अजिबात नव्हती.

२२ एप्रिल १९९५ ला वॉशिंग्टनमध्ये जाहीर वाद झाला. बोहदान पाचिन्स्की म्हणत होते की स्फोट अब्जावधी प्रकाशवर्षं दूर आहेत. डोनाल्ड लॅम्ब म्हणत होते की ते आपल्या आकाशगंगेभोवतीच्या विशाल प्रभामंडळातल्या न्यूट्रॉन ताऱ्यांवर होतात. मार्टिन रीस मध्यस्थ होते. लोकप्रिय कथनात यापुढं असं येतं की पाचिन्स्की द्रष्टे आणि लॅम्ब हटवादी, आणि १९९७ मध्ये सत्य उजेडात आलं.

इथं माझा आक्षेप आहे. लॅम्ब यांची बाजू पोकळ नव्हती. ५ मार्च १९७९ ला गॅमा किरणांचा एक अतिशय तीव्र झोत आला होता. तेव्हा सूर्यमालेत इकडेतिकडे असलेल्या अनेक यानांनी तो पकडला आणि वेळेच्या फरकावरून त्याचा पत्ता निघाला. तो होता आपल्या शेजारच्या मोठ्या मॅगेलन मेघातला, एका जुन्या सुपरनोव्हाच्या अवशेषाजवळचा. न्यूट्रॉन तारे गॅमा किरणांचे झोत टाकतात हे म्हणजे पत्त्यासह सिद्ध झालेलं होतं. ते वेगळ्या जातीचे स्फोट आहेत हे हळूहळू स्पष्ट झालं. पण १९९५ च्या सभागृहात बसलेल्या माणसाला दोन्ही बाजू ऐकून निकाल देता आला नसता, आणि तो दिलाही गेला नाही. युक्तिवाद संपले होते, पत्ता हवा होता.

तो दिला बेपोसॅक्स या इटली आणि नेदरलँड्सच्या उपग्रहानं. ३० एप्रिल १९९६ ला तो वर गेला. त्याची खुबी अशी की एकाच उपग्रहावर तीन पायऱ्या होत्या. गॅमा किरणांचा पहारेकरी, मोठ्या टप्प्याचे क्ष-किरण कॅमेरे, आणि बारीक नजरेच्या क्ष-किरण दुर्बिणी. २८ फेब्रुवारी १९९७ ला स्फोट झाला. कॅमेऱ्यानं पत्ता काही कलांपर्यंत आणला. कला म्हणजे अंशाचा साठावा भाग. मग जमिनीवरून आज्ञा देऊन उपग्रह वळवला, आठ तासांनी बारीक दुर्बीण तिथं रोखली, तर एक क्ष-किरण स्रोत होता. तीन दिवसांनी पुन्हा पाहिलं, तर तो पार मंदावला होता. हा पहिला आफ्टरग्लो. दरम्यान यान फान पाराडाइस यांच्या गटानं ला पाल्माच्या विल्यम हर्शेल दुर्बिणीतून त्याच जागेचं चित्र घेतलं होतं. आठवड्यानंतरच्या चित्राशी ताडून पाहिलं, तर एक ठिपका विझला होता. नंतर हबल दुर्बिणीला तिथं एक फिकट डाग दिसला, दूरच्या दीर्घिकेचा.

पण इथंही "एका रात्रीत निकाल" नाही. डाग खरंच दीर्घिका आहे का, यावर वाद चालूच राहिला. अंतराचा पुरावा मिळाला पुढच्या स्फोटातून, ८ मे १९९७ च्या. त्याची झळाळी शिल्लक असतानाच हवाईच्या केक दुर्बिणीनं तिचा वर्णपट घेतला. त्यात वाटेतल्या वायूनं उमटवलेल्या रेषा होत्या आणि त्या तांबड्या बाजूला सरकलेल्या होत्या. रेडशिफ्ट किमान ०.८३५. म्हणजे तो प्रकाश निदान सात अब्ज वर्षं प्रवास करत होता. आकाशगंगेचं प्रभामंडळ बाद.

याच स्फोटाची एक बाजू फार क्वचित सांगितली जाते, आणि मला ती सगळ्यांत सुंदर वाटते. डेल फ्रेल आणि सहकाऱ्यांना त्याची रेडिओ झळाळी मिळाली आणि ती सुरुवातीला लुकलुकत होती. तारे लुकलुकतात आणि ग्रह लुकलुकत नाहीत हे आपण लहानपणी शिकतो. कारण तारा आपल्याला बिंदूएवढा दिसतो, ग्रहाला थोडा आकार असतो. इथंही तेच झालं. काही आठवड्यांनी लुकलुक कमी झाली, म्हणजे स्रोत फुगला होता. किती दिवसांत किती फुगला यावरून वेग निघाला, तो प्रकाशाच्या वेगाच्या जवळपास. अब्जावधी प्रकाशवर्षांवरची वस्तू फुगताना नुसत्या लुकलुकण्यावरून मोजली. मूळ स्फोट केव्हाच संपलेला होता.

तिसरी गोष्ट: "सर्वांत मोठा"

आता मथळ्यांकडे येऊ. "सर्वांत मोठा" हा आकडा कुठून येतो? उपग्रह फक्त एवढं सांगतो की इथं अमुक इतकी ऊर्जा पोचली. त्यावरून तिथं किती बाहेर पडली हे काढायला दोन गोष्टी लागतात. स्रोत किती दूर आहे, आणि ऊर्जा सगळीकडे पसरली की एका दिशेला गेली. अंतर झळाळीच्या वर्णपटातून किंवा झळाळीनं दाखवलेल्या दीर्घिकेतून येतं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही बहुधा झळाळीतूनच येतं. झोत अरुंद असेल तर ठरावीक काळानंतर झळाळी एकदम जास्त वेगानं विझू लागते. तो मोड कधी आला यावरून झोताची रुंदी काढता येते.

मथळे देणारे पहिली पायरी घेतात आणि दुसरी सोडतात. २३ जानेवारी १९९९ च्या स्फोटात सगळीकडे सारखी ऊर्जा पसरली असं मानलं, तर सूर्याचं सगळं वस्तुमान ऊर्जेत बदललं तरी पुरत नाही, इतका आकडा येतो. या आकड्यापुढं भौतिकशास्त्रज्ञांनी डोक्याला हात लावला होता. पण समजा झोत दोन विरुद्ध दिशांना प्रत्येकी पाच अंश अर्धकोनाचा आहे. मग तो आकाशाचा साधारण २६० वा भागच व्यापतो, आणि खरी ऊर्जाही तितक्या पटीनं कमी होते. विजेच्या दिव्याची ऊर्जा आणि बॅटरीच्या झोताची ऊर्जा, डोळ्यांवर पडणारा उजेड सारखा असला तरी, सारखी नसते. फ्रेल आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये असे हिशेब मांडले तेव्हा अवाढव्य आकडे बरेच खाली आले, सुपरनोव्हाच्या ऊर्जेच्या पंक्तीत बसण्याइतके.

या हिशेबाची दुसरी बाजू तर मथळ्यांत कधीच येत नाही. झोत आपल्याकडे रोखलेला असेल तरच स्फोट दिसतो. म्हणजे एक दिसला तर शेकडो आपल्याला न दिसता होऊन जातात. ऊर्जेचा आकडा लहान होतो आणि संख्येचा आकडा मोठा होतो. मला विचाराल तर खरी थक्क करणारी गोष्ट ही दुसरी आहे.

९ ऑक्टोबर २०२२ चा स्फोट घ्या. नोंदवलेल्या सगळ्या स्फोटांत तो सर्वांत तेजस्वी, असा दहा हजार वर्षांत एखादाच होत असावा असा अंदाज आहे. सगळीकडे सारखी ऊर्जा धरली तर साधारण पाच सूर्यांचं वस्तुमान ऊर्जेत बदलावं, एवढा आकडा येतो. चीनच्या लासो वेधशाळेच्या निरीक्षणांवरून झोताचा गाभा फक्त ०.८ अंशाच्या आसपास अर्धकोनाचा असावा असं निघालं. तसं असेल तर तो आकडा दहा हजारपट कमी होतो. तो इतका तेजस्वी दिसला, याचं मोठं कारण तो तुलनेनं जवळ होता आणि अगदी आपल्या डोळ्यांवर रोखलेला होता.

याच स्फोटाची आणखी एक गंमत आहे. फर्मी उपग्रहानं तो पकडला तेव्हा स्विफ्ट या दुसऱ्या उपग्रहाच्या कॅमेऱ्याच्या टप्प्यात ती जागा नव्हती. सुमारे पाऊण-एक तासानं स्विफ्टचा कॅमेरा वाजला तो स्फोटानं नव्हे, झळाळीनं, इतकी ती प्रखर होती. पण जागा आकाशगंगेच्या पट्ट्याजवळ होती. त्यामुळे पहिली नोंद पडली ती आपल्याच आकाशगंगेतला एखादा क्ष-किरण स्रोत असावा अशी. फर्मीची नोंद जुळल्यावर खरा प्रकार कळला, आणि वर्णपटानं अंतर सांगितलं, सुमारे दोन अब्ज वर्षांच्या प्रकाशप्रवासाचं. १९९५ चा तो वाद आठवा. इतक्या वर्षांनी, सगळ्यांत तेजस्वी स्फोटाच्या बाबतीतही, आपला की परका हा प्रश्न पुन्हा पत्त्यावरच सुटला.

वरातीमागून घोडं येऊ नये म्हणून

२० नोव्हेंबर २००४ ला गेलेला स्विफ्ट हा सगळा धडा घेऊनच बांधला होता. शिशाच्या सुमारे ५२,००० तुकड्यांची एक जाळी, तिच्याखाली शोधक. जाळीची सावली कशी पडली यावरून दिशा काही कलांपर्यंत निघते. मग जमिनीच्या आज्ञेची वाट न बघता उपग्रह स्वतःच वळतो आणि साधारण मिनिट-दीड मिनिटात क्ष-किरण आणि दृश्य-अतिनील दुर्बिणी तिथं रोखतो. बेपोसॅक्सला आठ तास लागले होते.

या घाईचं फळ ९ मे २००५ ला मिळालं. दोन सेकंदांपेक्षा कमी टिकणारे स्फोट वेगळ्या जातीचे असावेत हे १९९३ पासून माहीत होतं, पण त्यांतल्या एकाचीही झळाळी सापडलेली नव्हती. स्विफ्ट वळला आणि त्याच्या क्ष-किरण दुर्बिणीला जेमतेम ११ फोटॉन मिळाले. अकरा! तेवढ्यावर पत्ता ठरला, आणि तो एका म्हाताऱ्या लंबवर्तुळाकार दीर्घिकेकडे बोट दाखवत होता. जिथं नवे तारे जन्मत नाहीत तिथं तरुण महाकाय ताऱ्याचा स्फोट कसा होणार? दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळत असावेत या कल्पनेला बळ आलं. १७ ऑगस्ट २०१७ ला गुरुत्वलहरींनंतर १.७ सेकंदांनी गॅमा चमक आली, तेव्हा ती कल्पना पक्की झाली.

माझ्या मुद्द्याला मर्यादाही आहेत, त्या सांगायला हव्यात. २०१७ मध्ये पत्ता गॅमा किरणांनी दिला नाही. तो मुख्यतः गुरुत्वलहरींच्या शोधकांनी अरुंद केलेल्या पट्ट्यातून साध्या प्रकाशाच्या दुर्बिणींनी शोधला. त्याची क्ष-किरण झळाळी दिसायला नऊ दिवस लागले, कारण झोत आपल्याकडे रोखलेला नव्हता. पुढं नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीनंही त्याची रेडिओ झळाळी टिपली. आणि स्फोटाच्या त्या काही सेकंदांत काय घडतं, किरण नेमके कसे तयार होतात, हे झळाळी सांगू शकत नाही. तिथं मूळ चमकच मोजावी लागते.

आपला अॅस्ट्रोसॅट तिथं उपयोगी पडला. २८ सप्टेंबर २०१५ ला तो गेला आणि ६ ऑक्टोबरला त्याच्या सीझेडटीआय या उपकरणानं पहिला स्फोट नोंदवला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा या उपकरणात मोठा वाटा, आणि त्याची माहिती हाताळण्याचं केंद्र पुण्यात आयुकात. त्याच्या भिंती जास्त ऊर्जेच्या किरणांना जवळजवळ पारदर्शक ठरतात. त्यामुळे समोरचंच नाही, बाजूचं आकाशही त्याला दिसतं, आणि किरणांचं ध्रुवीकरणही मोजता येतं.

पण अॅस्ट्रोसॅटची जी गोष्ट मला सगळ्यांत आवडते ती मथळ्यांत फारशी आली नाही. ४ जानेवारी २०१७ ला दोन कृष्णविवरांच्या विलीनीकरणाच्या गुरुत्वलहरी आल्या. त्या भागात शोधताना हवाईच्या अॅटलास दुर्बिणीला विझत जाणारा एक ठिपका सापडला. हाच तो का, अशी चर्चा सुरू झाली. तसं असतं तर फार मोठी बातमी होती. सीझेडटीआयच्या नोंदींत दिसलं की गुरुत्वलहरींनंतर सुमारे २१ तासांनी एक गॅमा-किरण स्फोट झाला होता, आणि तो ठिपका त्याची झळाळी होती. दोन घटनांचा संबंध नव्हता. म्हणजे इथं पत्ता आधी मिळाला आणि स्फोट मागाहून. चुकीची मोठी बातमी पसरू न देणं हे शोध लावण्याइतकंच मोलाचं काम आहे. पण "संबंध नाही असं सिद्ध झालं" हा मथळा कोण देणार?

आपल्याकडे मथळे आले ते "अॅस्ट्रोसॅटनं पाचशेव्यांदा कृष्णविवराचा जन्म पाहिला" अशा चालीचे. कौतुकाचा हेतू चांगला आहे. पण पाचशे स्फोट नोंदवणं आणि पाचशे कृष्णविवरांचे जन्म पाहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांतल्या बहुतेकांचं अंतर कुणालाच माहीत नाही. काही स्फोटांच्या मुळाशी कृष्णविवराऐवजी अतिचुंबकी न्यूट्रॉन तारा असू शकतो, हा प्रश्न अजून खुला आहे. पाचशे हा आकडा स्वतःच पुरेसा अभिमानाचा आहे, त्याला असा अलंकार लागत नाही.

हे सगळं मी शब्दांचा कीस पाडायला सांगत नाही. गोष्ट कशी सांगितली जाते यावर पुढं काय बांधलं जातं हे ठरतं. स्फोट मोजणं हेच काम मानलं, तर एक शोधक वर पाठवला की झालं. पत्ता हे काम मानलं, तर उपग्रह, संदेशांचं जाळं, आणि रात्री-अपरात्री तयार असलेल्या जमिनीवरच्या दुर्बिणी, असं सगळं एकत्र लागतं. स्विफ्टची कक्षा खाली येते आहे, आणि ती वर उचलण्याचं काम नासानं २०२५ मध्ये एका खासगी कंपनीकडे दिलं. २०२४ मध्ये चीनचा आइन्स्टाइन प्रोब आणि फ्रान्स-चीनचा एसव्हीओएम गेले. आपल्याकडे आयआयटी मुंबईच्या पुढाकारानं 'दक्ष' ही दोन उपग्रहांची मोहीम प्रस्तावित आहे, आणि लडाखमध्ये हानले इथं ग्रोथ-इंडिया दुर्बीण अशा झळाळ्यांच्या मागावर असते. या गोष्टींना पैसा का द्यायचा हे लोकांना समजायचं, तर त्यांना पत्त्याची गोष्ट माहीत हवी.

तेव्हा पुढच्या वेळी "सर्वांत मोठा स्फोट" वाचलात तर तीन प्रश्न विचारा. पत्ता किती नेमका मिळाला? अंतर कशावरून काढलं? आणि ऊर्जेचा आकडा दिव्याचा आहे की झोताचा? बातमीत उत्तरं असतील तर बातमी चांगली.

प्रश्नोत्तरांतून

प्रश्न: सर, अशा स्फोटाचा पृथ्वीला धोका आहे का?

उत्तर: हा प्रश्न येणारच होता. (हशा) २०२२ च्या स्फोटानं पृथ्वीच्या वरच्या वातावरणातल्या आयनांच्या थरावर मोजता येण्याजोगा परिणाम केला, तोही इतक्या अंतरावरून. आपल्याच आकाशगंगेत, अगदी जवळ आणि आपल्याकडे रोखलेला झोत असेल तर ओझोनचं नुकसान होऊ शकतं. सुमारे ४४ कोटी वर्षांपूर्वीच्या एका मोठ्या जीवनाशाशी काहींनी असा संबंध सुचवला आहे, पण त्याचा पुरावा नाही. झोत अरुंद असतात हे आपल्या पथ्यावर पडतं.

प्रश्न: हौशी निरीक्षकांना यात काही करता येतं का?

उत्तर: जरूर. उपग्रहांचे इशारे जीसीएन नावाच्या जाळ्यावरून जगभर जातात आणि ते सगळ्यांना खुले आहेत. २९ मार्च २००३ च्या स्फोटाची झळाळी सुरुवातीला इतकी तेजस्वी होती की हौशी दुर्बिणींतूनही ती टिपता आली. कॅमेरा जोडलेली बरी दुर्बीण, काळोखं आकाश आणि इशारा आल्यावर अंथरुणातून उठायची तयारी हवी. शेवटची गोष्टच सगळ्यांत अवघड आहे.